बारकोड छापला जातो पण स्कॅन होत नाही: सॉफ्टवेअर बदलण्याआधी रेघा कोण काढतंय ते पाहा

शंभर स्टिकरांची मालिका होती, ४३०१ ते ४४००. त्यातली सत्त्याण्णव स्टिकरं स्कॅनर समोर धरताक्षणी वाचायचा आणि तीन कधीच वाचायचा नाही: ४३१८, ४३५५ आणि ४३९२. पुन्हा छापली तरी तीच तीन अडायची. प्रिंटरचं हेड साफ केलं, छपाई गडद केली, कागद बदलला, दुसरा स्कॅनर आणून पाहिला. काही फरक पडेना. शेवटी दुसरं बारकोड सॉफ्टवेअर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा ती स्टिकरं बनवणारी एक्सेलची फाइल माझ्याकडे आली. सॉफ्टवेअर म्हणजे तरी काय, एक फुकट मिळालेला फॉन्ट आणि कुठून तरी उतरवून घेतलेला फॉर्म्युला.

४३५५ चं स्टिकर भिंगाखाली धरलं. शेवटच्या रेघांच्या अगदी आधी एक पांढरी फट दिसली. शेजारच्या ४३५६ वर त्याच जागी व्यवस्थित रेघा होत्या. ही स्टिकरं कोड १२८ या बारकोड प्रकारातली होती. त्यात त्या जागी चेक कॅरॅक्टर, म्हणजे वाचन बरोबर झालं का ते पडताळणारं चिन्ह, असतं आणि ते असं काढतात: सुरुवातीच्या चिन्हाची किंमत घ्यायची, कोड १२८ च्या बी नावाच्या चिन्हसंचासाठी ती १०४. त्यात प्रत्येक अक्षराची किंमत त्याच्या स्थानाने गुणून मिळवायची. आलेल्या बेरजेला १०३ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. बी संचात शून्य या अंकाची किंमत १६ आहे, म्हणून ३ ची १९, ४ ची २० आणि ५ ची २१. आता ४३५५ साठी १०४ + २० + ३८ + ६३ + ८४ = ३०९. १०३ ने भागलं की बरोबर तीन, बाकी शून्य. ४३१८ आणि ४३९२ साठीही बेरीज ३०९ च येते, करून पाहा.

बी संचात शून्य किमतीचं चिन्ह म्हणजे स्पेस. फॉर्म्युल्याने सरळ स्पेस टाकली. पण या फॉन्टमध्ये स्पेसच्या जागी रेघाच नव्हत्या, आणि त्याला कारण आहे. वर्डसारखे प्रोग्रॅम स्पेस आपल्या सोयीने ताणतात, तिथून ओळ तोडतात. म्हणून फॉन्ट करणाऱ्याने शून्य किमतीच्या रेघा मुद्दाम दुसऱ्या जागी ठेवल्या होत्या. फॉर्म्युला एका फॉन्टचा आणि रेघा दुसऱ्या फॉन्टच्या, अशी ती जोडी होती. बाकी शून्य आली तर स्पेसऐवजी त्या दुसऱ्या जागेचं अक्षर टाक, एवढी एक अट वाढवली आणि तिन्ही स्टिकरं वाचली गेली. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही.

हे इतकं तपशिलात सांगितलं, कारण ‘कोणतं बारकोड सॉफ्टवेअर चांगलं?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याला एकच एक उत्तर नाही. आधी पाहायचं ते हे, की तुमच्या कामात रेघा कोण काढतंय. फॉन्ट काढतोय, ऑफिस प्रोग्रॅममधलं फील्ड किंवा कंट्रोल काढतंय, प्रोग्रॅममधली लायब्ररी (तयार कोडचा संच) चित्र बनवून देते आहे, की थेट प्रिंटरच काढतोय? या चार वाटा आहेत आणि प्रत्येकीची बिघडण्याची तऱ्हा वेगळी. बिघाड कुठल्या वाटेवरचा ते कळलं की निवडही बरीचशी आपोआप होते.

सर्वात आधी नोटपॅड उघडा

तुमचा स्टॉकचा किंवा बिलिंगचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा. नोटपॅड उघडा, कीबोर्डची भाषा इंग्रजी करा, कॅप्स लॉक बंद करा आणि स्कॅन करा. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडलेले असतात. त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अक्षरं देवनागरीत उमटतात आणि दोष बारकोडच्या माथी बसतो.

काहीच आलं नाही तर बिघाड रेघांत आहे: सुरुवातीचं किंवा शेवटचं चिन्ह नाही, चेक कॅरॅक्टर चुकलं आहे, छपाई बिघडली आहे किंवा बाजूची मोकळी जागा कमी पडली आहे. काहीतरी आलं पण वेगळंच आलं, तर रेघा ठीक आहेत आणि माहिती वाटेत बदलली आहे. या दोन शक्यता आधी वेगळ्या करा. त्या न करता सेटिंग बदलत बसलं की दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

माहिती बिघडते ती बहुधा एक्सेलमध्ये

एक्सेल संख्येचे पंधराच अंक लक्षात ठेवतो. पेट्यांवरचा अठरा अंकी क्रमांक संख्या म्हणून टाइप केला की शेवटचे तीन अंक शून्य होतात. मग अशा शंभर पेट्यांवर एकच बारकोड छापला जाऊ शकतो आणि स्कॅनर तो बिनतक्रार वाचतो, म्हणून ही चूक सर्वात उशिरा सापडते. सुरुवातीचं शून्यही असंच गळून जातं. सेलचं फॉरमॅट टेक्स्ट करायचं ते टाइप करण्याआधी. नंतर केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली तरी हाच प्रकार होतो. ती डेटा इम्पोर्टमधून आणा आणि त्या कॉलमला तिथेच टेक्स्ट ठरवा.

आपल्याकडे लक्षात ठेवायची आणखी एक गोष्ट. मी इथे आकडे देवनागरीत लिहितो आहे, पण सेलमध्ये देवनागरी आकडे टाइप झाले असतील तर कोड १२८ च्या दृष्टीने ते आकडेच नव्हेत. कोड ३९ (बारकोडचा आणखी एक प्रकार) आणि कोड १२८ या दोघांतही देवनागरीला जागा नाही. नाव किंवा पत्ता मराठीतच ठेवायचा असेल तर क्यूआर वापरा आणि माहिती यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत द्या. सर्वात मोठ्या क्यूआरमध्ये, सर्वात कमी दुरुस्ती पातळीवर (खराब झालेला भाग भरून काढण्याची क्षमता), २,९५३ बाइट बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे वाटते तेवढी जागा नसते. शिवाय कीबोर्डसारखा जोडलेला स्कॅनर देवनागरी नीट टाइप करेलच असं नाही, ते आधी तपासा. माझं मत विचाराल तर बारकोडमध्ये फक्त क्रमांक ठेवावा आणि मराठी नाव डेटाबेसमधून आणावं.

फॉन्ट

थोडी लेबलं, एकच संगणक आणि साधे क्रमांक असतील तर फॉन्ट चांगला. त्यातही कोड ३९ सर्वात सरळ, कारण त्याला चेक कॅरॅक्टरची सक्ती नाही. माहितीच्या आधी आणि नंतर तारांकन लावलं की झालं. त्यात ४३ चिन्हं बसतात: दहा अंक, इंग्रजी मोठी अक्षरं, स्पेस आणि सहा विरामचिन्हं. छोटी अक्षरं त्यात नाहीत. दुसरी मर्यादा रुंदीची. बारा-पंधरा अक्षरं झाली की बारकोड लेबलाबाहेर जायला लागतो.

कोड ३९ मध्ये नेहमी होणारा घोळ वर्डमध्ये होतो. दोन तारांकनांमधला मजकूर ठळक करण्याचा एक ऑटोफॉरमॅट पर्याय वर्डमध्ये आहे. तो चालू असेल तर टाइप करताना मजकूर ठळक होतो आणि तारांकनं नाहीशी होतात. दिसायला बारकोड दिसतो, पण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही.

कोड १२८ चा फॉन्ट मात्र नुसता क्रमांकावर लावून चालत नाही. रेघा उमटतात, त्यामुळे काम झालं असं वाटतं; प्रत्यक्षात त्यात सुरुवातीचं चिन्ह, चेक कॅरॅक्टर आणि शेवटचं चिन्ह यांपैकी काहीच नसतं. ते सगळं जोडणारा फॉर्म्युला किंवा मॅक्रो (फाइलमधला छोटा प्रोग्रॅम) लागतो, आणि तो त्याच फॉन्टसाठी लिहिलेला असावा लागतो. ९४ पर्यंतच्या किमती बहुतेक फॉन्टमध्ये सारख्याच जागी असतात, वरच्या किमती ज्याने त्याने आपापल्या जागी ठेवल्या आहेत. बी संचाची सुरुवात काही फॉन्टमध्ये २०४ क्रमांकाच्या अक्षरावर असते, काहींत २०९ वर. आमच्याच मालिकेतला ४३५४ घ्या, त्याची बाकी येते ९९. पहिल्या प्रकारच्या फॉन्टमध्ये ९९ ची जागा १९९, दुसऱ्या प्रकारात २०४. म्हणजे जे अक्षर एका फॉन्टमध्ये ‘सुरुवात’ असतं तेच दुसऱ्यात ‘९९’ असतं. म्हणून फॉन्ट बदलला की फॉर्म्युलाही त्याच्यासोबत आलेलाच घ्या, जुना ठेवू नका.

‘माझ्या संगणकावर चालतं, सर्व्हरवरून पीडीएफ काढली की नुसती अक्षरं दिसतात’ ही तक्रारही फॉन्टचीच. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिनच्या परवानगीशिवाय फॉन्ट बसवता येतो, पण तसा बसवलेला फॉन्ट त्या एकाच वापरकर्त्यापुरता असतो. सर्व्हरवरची सेवा दुसऱ्या खात्यावर चालत असल्याने तिला तो दिसत नाही. फॉन्ट सर्व वापरकर्त्यांसाठी बसवा, सेवा पुन्हा सुरू करा आणि पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड होतोय का, म्हणजे फाइलमध्येच भरला जातोय का, ते पाहा.

वर्ड, एक्सेल, ॲक्सेस

वर्डमध्ये काम असेल तर बाहेरचं काही घेण्याआधी वर्डचंच फील्ड वापरून पाहा. वर्ड २०१३ पासून डिस्प्लेबारकोड आणि मेल मर्जसाठी मर्जबारकोड अशी दोन फील्डं आहेत. कोड ३९, कोड १२८, ईएएन-१३ (दुकानातल्या वस्तूंवरचा तेरा अंकी बारकोड) आणि क्यूआर त्यात आहेत, चेक कॅरॅक्टर वर्ड स्वतः काढतो आणि वेगळा फॉन्ट लागत नाही. अडचण येते ती फील्डच्या महिरपी कंसांची. ते कीबोर्डवरून टाइप केले तर वर्ड त्यांना साधा मजकूर समजतो. कंट्रोल आणि एफ९ दाबून कंस घालायचे, आत लिहायचं, मग फील्ड निवडून एफ९ दाबायचं. ऑल्ट आणि एफ९ ने कोड आणि चित्र यांत अदलाबदल होते. ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते याचं मला फार वाईट वाटतं, कारण पत्रं आणि लेबलं एवढंच काम असलेल्या कितीतरी जणांचे पैसे तिने वाचले असते.

एक्सेलमध्ये अशी तयार सोय नाही. म्हणून माहिती एक्सेलमध्ये आणि लेबलं वर्डच्या मेल मर्जमध्ये ही जोडी मला सर्वात टिकाऊ वाटते. एक्सेलमध्येच हवं असेल तर फॉन्ट आणि मॅक्रो. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ सालापासून ऑफिस मुळातच अडवतं. ‘काल चालत होतं, आज सेलमध्ये नावाची चूक दाखवतंय’ असं झालं तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची खूण आहे का ते आधी पाहा, अर्थात फाइल विश्वासाच्या ठिकाणाहून आली असेल तरच.

ॲक्टिव्हएक्स कंट्रोल, म्हणजे ऑफिसमध्ये बसवायचा जुन्या पद्धतीचा जोडभाग, मी आता नव्या कामासाठी कुणालाच सुचवत नाही. ३२ बिटचं कंट्रोल ६४ बिट ऑफिसमध्ये उघडत नाही आणि ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉलेशन आपसूक ६४ बिटचं होतं. ऑफिस २०२४ मध्ये ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद ठेवलेलं आहे. मॅकवर आणि ब्राउझरमधल्या ऑफिसमध्ये तर ते कधी चाललंच नाही. जुन्या ॲक्सेस रिपोर्टमध्ये बारकोडच्या जागी कोरी चौकट दिसू लागली असेल तर नव्वद टक्के शोध इथेच संपतो. ॲक्सेसमध्ये त्याऐवजी क्वेरीत फंक्शन बोलवा आणि टेक्स्ट बॉक्सला फॉन्ट लावा, किंवा रिपोर्टच्या प्रिंट घटनेत लाइन मेथडने रेघा स्वतः काढा. दुसऱ्या रीतीत फॉन्टही लागत नाही. मेहनत एकदाच आहे.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना ६.४ पासून क्यूआर थेट घालता येतो.

प्रोग्रॅममधून बारकोड

इथे चिन्हं जुळवण्याची डोकेदुखी लायब्ररी उचलते, पण ती न विचारता काय करते ते वाचून घ्यावं लागतं. पायथनच्या पायथन-बारकोड लायब्ररीत कोड ३९ ला चेक कॅरॅक्टर मुळातच चालू असतं. ते बंद केलं नाही तर स्कॅन केल्यावर क्रमांकाच्या शेवटी एक जादा अक्षर येतं आणि डेटाबेसमध्ये जुळणी होत नाही. बारकोड वाचला जातो, म्हणून संशय लायब्ररीवर जात नाही. नोटपॅडची तपासणी इथे लगेच उत्तर देते.

डॉटनेटमध्ये काम करणाऱ्यांनी लायब्ररी निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा: ही सिस्टिम-ड्रॉइंगवर उभी आहे का? डॉटनेट ६ पासून तो भाग फक्त विंडोजसाठी राहिला आणि ७ मध्ये उरलेली पळवाटही काढून टाकली गेली. तेव्हा तुमच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या कंटेनरमध्ये गेल्यावर बारकोडपाशी कोसळतो. जावात झेडएक्सिंग, ब्राउझरमध्ये जेएसबारकोड किंवा बीडब्ल्यूआयपी-जेएस ही नावं मी बिनधास्त सुचवतो. आणि जिथे वातावरण फार जुनं आहे, धड लायब्ररीच मिळत नाही, तिथे झिंट. तो कमांड लाइनवरून चालतो, म्हणून बाहेरचा प्रोग्रॅम चालवता येणाऱ्या कुठल्याही भाषेतून वापरता येतो. तो पीएनजी देतो, एसव्हीजी देतो आणि ऑफिससाठी सोयीचं ईएमएफही देतो.

चित्र बनवलं की आकाराचा प्रश्न येतो आणि खरी गंमत नव्हे, खरं नुकसान इथे होतं. २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या, लेबल प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. ईएएन-१३ च्या सर्वात बारीक रेघेची प्रमाण रुंदी ०.३३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २.६४ ठिपके. प्रिंटर अर्धा ठिपका छापू शकत नाही. तो काही रेघा दोन ठिपक्यांच्या काढतो, काही तीनच्या, आणि स्कॅनर ज्या प्रमाणावर विसंबतो ते प्रमाणच मोडतं. दोन ठिपके घ्यावेत तर ०.२५ मिलिमीटर, ते ईएएनच्या परवानगीच्या ८० टक्क्यांखाली जातं. तेव्हा तीनच घ्यायचे, ०.३७५ मिलिमीटर. बारकोड थोडा मोठा होतो, पण वाचला जातो. ३०० डीपीआयवर चार ठिपके घेतले की सुमारे ०.३४ मिलिमीटर येतं, जवळजवळ प्रमाणाइतकं.

म्हणून चित्र कोपऱ्याला धरून ताणू नका, हव्या त्या मापातच बनवून घ्या. जेपेग नको, त्यात कडा धुरकट होतात. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं दाबून २२० पीपीआयवर आणतो. तो पर्याय बंद करा किंवा ईएमएफ, एसव्हीजी वापरा. ब्राउझरमधून छापताना ‘पानात बसवा’ काढून प्रमाण १०० टक्के ठेवा. बाजूची मोकळी जागाही मापातच धरायची: कोड १२८ ला दोन्हीकडे बारीक रेघेच्या दसपट, ईएएन-१३ ला डावीकडे अकरा पट आणि उजवीकडे सात पट, क्यूआरला चारी बाजूंनी चार घरं. लेबलावर सुंदर चौकट काढताना हीच जागा खाल्ली जाते.

रोज हजारो लेबलं छापायची असतील तर चित्राच्या वाटेला जाऊच नका. लेबल प्रिंटरला त्याच्याच भाषेत, उदाहरणार्थ झेडपीएलमध्ये, आज्ञा पाठवा. त्यात बारीक रेघेची रुंदी थेट ठिपक्यांत सांगतात, त्यामुळे अर्ध्या ठिपक्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त त्या आज्ञा ड्रायव्हरच्या हातून रॉ, म्हणजे जशाच्या तशा, स्वरूपात जायला हव्यात, नाहीतर आज्ञाच मजकूर म्हणून छापल्या जातात.

जीएस१-१२८ (कोड १२८ वर बेतलेला, मालाच्या पेट्यांवर वापरला जाणारा प्रकार) करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बारकोडखाली छापलेले कंस फक्त माणसासाठी असतात, रेघांत ते भरायचे नाहीत. रेघांत सुरुवातीला एफएनसी१ हे चिन्ह असतं आणि बॅच क्रमांकासारखा बदलत्या लांबीचा भाग मध्ये आला तर त्याच्यानंतर ते पुन्हा लागतं. लायब्ररीत किंवा फॉर्म्युल्यात जीएस१ चा वेगळा पर्याय नसेल तर या कामासाठी ती निवडू नका. शक्य असेल तिथे बॅच शेवटी ठेवा, म्हणजे मधलं चिन्ह लागतच नाही.

त्या एक्सेलच्या फाइलचं काम तिथेच सोडलं नाही. क्रमांकाशेजारी बाकी दाखवणारा एक कॉलम घातला आणि मालिकेत जितक्या वेगवेगळ्या बाक्या येतात त्या प्रत्येकीचं एकेक स्टिकर छापून स्कॅन केलं. फॉन्ट, संगणक किंवा ऑफिसची आवृत्ती बदलली की आता आधी ते पान छापतात. पुढच्या शंभराच्या मालिकेत बाकी शून्य येत होती ती ४४३६ आणि ४४७३ वर. म्हणून सगळ्यात आधी तीच दोन छापली. दोन्ही पहिल्या प्रयत्नात वाचली गेली, मग उरलेली अठ्ठ्याण्णव छपाईला सोडली.